परराष्ट्रकारण आणि खानदेशचा कापूस

खानदेशात नव्या कापसाच्या खरेदीचा नारळ गणेश चतुर्थीच्या मुहूर्तावर फोडण्याची चाल पुष्कळ गावी आहे. २०२५ साली ही चतुर्थी २७ ऑगस्ट रोजी आली. त्या दिवशी सकाळी इकडे वजनकाट्याची पूजा होत असता, आपल्या घड्याळात साडेनऊ वाजून गेले त्या क्षणी अमेरिकेत मध्यरात्र उलटली, आणि भारतातून तेथे जाणाऱ्या कापड-कपड्यांसह पुष्कळ मालावरील जादा जकात शेकडा पन्नासावर जाऊन बसली. तींपैकी निम्मी जकात भारत रशियाचे तेल घेतो म्हणून दंडादाखल होती. कापसाच्या पहिल्या गाडीला हार घालणाऱ्या शेतकऱ्याने रशियाशी कोणताही करारमदार केला नव्हता, आणि अमेरिकेशी त्याचे काही भांडणही नव्हते. त्याच्या आठच दिवस आधी, १९ ऑगस्टपासून, आपल्याच सरकारने परदेशी कापसावरील शेकडा ११ ची आयात जकात माफ केली होती. ती माफी प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत होती, ती पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. म्हणजे आमचा कापूस घराबाहेर पडण्याच्या ऐन वेळी एक दार परक्याने लावले व दुसरे घरच्याने उघडले.

इतके होऊनही परराष्ट्रकारण हा आपला विषय नव्हे, तो दिल्लीकरांचा व विलायतेत शिकून आलेल्यांचा विषय आहे, असे म्हणणारे गृहस्थ आमच्या जळगावात आणि धुळ्यात अजून पुष्कळ आढळतात. पेढीवर बसून वर्तमानपत्र उघडले म्हणजे ते प्रथम भाव पाहतात, मग गावची बातमी वाचतात, आणि परदेशच्या बातमीचे पान पुडी बांधण्यास उपयोगी म्हणून बाजूला ठेवतात. आमचे म्हणणे असे आहे की, भाव ज्या पानावर छापलेला असतो त्या पानावर तो ठरत नाही. तो पुडीच्या पानावर ठरतो. हे आम्ही आजच्याच प्रसंगावरून म्हणतो असे नव्हे. गेल्या दोनशे वर्षांचा खानदेशचा इतिहास हेच सांगत आहे, आणि तो इतिहास आज थोडा विस्ताराने मांडण्याचे कारण हे की, त्यावाचून आम्हांस पुढे जी मागणी करावयाची आहे तिचे मर्म वाचकांच्या ध्यानात येणार नाही.

राज्याराज्यांच्या व्यवहाराचे शास्त्र शिकविणारे पंडित आपल्या विद्यार्थ्यांस प्रथम चार शब्द समजावून देतात. पहिला सार्वभौमत्व, म्हणजे आपल्या मुलखात अखेरचा शब्द कोणाचा. दुसरा सत्ता, म्हणजे दुसऱ्याकडून आपल्या मनासारखे करवून घेण्याचे सामर्थ्य. मग ते तोफेने असो, पैशाने असो वा समजुतीने असो. तिसरा लोकमान्यता, शास्त्रकार हिला अधिमान्यता म्हणतात, आणि तिचा अर्थ असा की, ज्यांच्यावर हुकूम चालावयाचा त्यांनी तो हुकूम करण्याचा अधिकार मनाने मान्य केला आहे की नाही. चौथा परस्परावलंबन, म्हणजे एकाचे घर दुसऱ्याच्या आढ्यावर टेकलेले असणे. हे शब्द जड वाटतात खरे. परंतु यांतील एकही शब्द असा नाही की ज्याची किंमत खानदेशाने रोख मोजलेली नाही.

सार्वभौमत्वाचा धडा आम्हांस तापीकाठी थाळनेर येथे मिळाला. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरच्या लढाईत होळकरांचा मोड झाला, आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोर येथे झालेल्या तहाने अल्पवयीन मल्हारराव होळकरांच्या दरबाराने सातपुड्याच्या दक्षिणेचा आपला मुलूख इंग्रज कंपनीस देऊन टाकला. त्या मुलखात थाळनेरचा किल्ला होता. त्याचा किल्लेदार तुळशीराम मामा होळकरांचा चाकर म्हणून तेथे बसला होता. २७ फेब्रुवारी रोजी सर टॉमस हिस्लॉप फौज घेऊन किल्ल्यासमोर आला. किल्ला खाली करण्यास उशीर झाला, गोळागोळी झाली, बोलणे चालू असताच दरवाजाशी गैरसमज होऊन आत शिरलेले दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. आणि मग आतील सुमारे तीनशे शिबंदीची कत्तल करण्यात आली व किल्लेदारास फाशी देण्यात आले. हिस्लॉपचे समर्थन असे की, तहाने हा किल्ला कंपनीचा झाला आहे हे किल्लेदारास कळविले होते. तेव्हा त्याने हत्यार धरले ते शत्रू म्हणून नव्हे, बंडखोर म्हणून धरले.

वाचकहो, या युक्तिवादातील कायद्याची मेख पाहा. दूर माळव्यात एका कागदावर शिक्का उठतो, आणि काल जो स्वामिनिष्ठ चाकर होता तो आज त्याच जागी, त्याच दरवाजाआड, काहीही न करता बंडखोर ठरतो. त्याच्या पायाखालची जमीन हलली नाही. तिचा अखेरचा शब्द मात्र बदलला. सार्वभौमत्व हाताला लागत नाही, पण गळ्याला लागते, ते असे. दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या पुढील विवेचनास लागणार आहे. जिंकणाऱ्याच्या घरीही हे कृत्य सर्वांस पचले नाही. १८१९ च्या मार्चात विलायतेच्या पार्लमेंटात या लढाईतील फौजेचे आभार मानण्याचा ठराव आला, तेव्हा थाळनेरच्या प्रकारावर टीका झाली, आणि हे आभार त्या कृत्यास लागू समजू नयेत असे वेगळे नमूद करावे लागले. तुळशीराम मामा त्याने परत आला नाही. परंतु सत्ता कितीही मोठी असली तरी तिला आपल्या कृत्याचे कारण लोकांपुढे सांगावे लागते, आणि ते कारण पटले नाही तर तिचे तेज उणे होते, हे त्या वेळीही दिसून आले.

सत्ता व परस्परावलंबन या दोन शब्दांचा धडा कापसाने दिला. १८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत उत्तर व दक्षिण प्रांतांचे यादवी युद्ध जुंपले, आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. लँकेशायरच्या गिरण्यांस लागणाऱ्या कापसाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग त्या बंदरांतून येत असे. तो बंद पडताच ज्या आखूड धाग्याच्या हिंदुस्थानी कापसास लिव्हरपूलचा दलाल नाक मुरडीत असे, तोच कापूस सोन्याच्या तोलाने मागू लागला. खानदेशात कपाशीचा पेरा वाढला, सरकारने हिंगणघाटी बियाण्याचा पुरस्कार केला, त्याच दशकात आगगाडीचा रस्ता भुसावळपर्यंत आला, आणि जळगाव ही कापसाची थोर पेठ झाली. गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेत गोळी सुटली आणि तिने जळगावची पेठ वसविली, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु पेठ वसविणारे कारण ज्यांस ठाऊक नव्हते, त्यांस पेठ मोडणारे कारणही दिसले नाही. १८६५ च्या एप्रिलात ते युद्ध संपले. मुंबईत वायद्यांचे व कंपन्यांच्या भागांचे जे मनोरे रचले गेले होते ते १ जुलै रोजी कोसळले. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, आणि खुद्द बँक ऑफ बॉम्बेस काही वर्षांत गाशा गुंडाळावा लागला. त्या घसरणीची झळ जळगावच्या पेठेसही बसली. तेजी कायमची समजून ज्याने जमिनीवर, दागिन्यांवर व लग्नांवर कर्ज काढले होते, त्याचे कर्ज मागे राहिले आणि भाव निघून गेला. परस्परावलंबन ते हेच. मात्र त्याची एक बाजू नीट लक्षात घ्यावी. लँकेशायरही आमच्यावर अवलंबून होते. त्या चार वर्षांत आमच्या कापसावाचून तेथील गिरणीचे चाक फिरणे कठीण झाले होते. पण त्या गरजेचे आम्हांस सामर्थ्य करता आले नाही. ना आमचा संघ होता, ना आमचे सरकार होते, ना बातमी वेळेवर कळण्याची सोय होती. उलट चढ्या भावाच्या लोभाने रुईत सरकी, माती व पाणी मिसळण्याचा धंदा इतका माजला की, १८६३ साली मुंबई सरकारास कापसातील लबाडीविरुद्ध खास कायदाच करावा लागला. ज्या वेळी जगाने आमची गरज ओळखली, त्याच वेळी आम्ही आमची पत घालविली. हे लिहिताना आम्हांस आनंद होत नाही; पण स्वतःच्या दोषावर पांघरूण घालून परक्यास शिव्या देणे हे देशाभिमानाचे लक्षण नव्हे.

सार्वभौमत्व हाती नसले म्हणजे कायद्याचे काय होते, तेही एका उदाहरणाने पाहू. १८९६ साली विलायती कापडावर शेकडा साडेतीन आयात जकात बसली, तेव्हा लँकेशायरच्या समाधानासाठी हिंदी गिरण्यांच्या कापडावरही तितकाच उत्पादन कर बसविण्यात आला. आपल्याच देशात आपल्याच कापडावर, परक्याशी बरोबरी राहावी म्हणून कर! हा कर उठण्यास १९२६ साल उजाडावे लागले. त्या तीस वर्षांत खानदेशात गिरण्या चालू झाल्या. अमळनेरास प्रतापशेटजींनी गिरणी काढली. पण तिच्या प्रत्येक ठाणामागे लँकेशायरच्या मतदाराची अदृश्य पट्टी लागलेली होती. स्वराज्य कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर त्या काळी व्यापाऱ्यास गीतेत शोधण्याची गरज नव्हती. ते त्याच्या वहीखात्यात लिहिलेले होते.

राहिली लोकमान्यता. इंग्रजांचे राज्य खानदेशात बसून चौतीस वर्षे झाल्यावर, १८५२ साली, सरकारने जमिनीची नवी मोजणी हाती घेतली. मोजणी म्हणजे वाढीव सारा, अशी रयतेची समजूत झाली, आणि एरंडोल, सावदा, फैजपूर या भागांत लोक हजारोंनी जमून मोजणीदारांस विरोध करू लागले. अखेर फौज आणून पुढारी धरण्यात आले. मोजणी शास्त्रशुद्ध होती की नव्हती, तीत रयतेचा तोटा होता की नफा, हा प्रश्न निराळा आहे. ज्याच्या शेतात साखळी पडणार त्यास आधी विचारले नाही, कारण समजावून सांगितले नाही, एवढ्यावरच तो हुकूम लोकांच्या मनाबाहेर राहिला. सत्तेने मोजणी होते, मान्यता मोजणीने मिळत नाही.

त्याच फैजपुरास पुढे चौऱ्याऐंशी वर्षांनी दुसरा प्रसंग पाहावयास मिळाला. १९३६ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले, आणि तो मान फैजपुराने घेतला. धनाजी नाना चौधरींसारखे कार्यकर्ते त्यासाठी राबले. नंदलाल बोसांनी बांबू, चटया, मडकी अशा गावच्या वस्तूंनी मंडप व वेशी सजविल्या. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते. पूर्व खानदेशातील कुणबी-पाटीदारांपुढे हे गृहस्थ काय बोलले? त्यांनी स्पेनमधील यादवीची, इटलीने गिळलेल्या अबिसिनियाची व युरोपवर दाटलेल्या युद्धाच्या ढगांची गोष्ट काढली, आणि हिंदुस्थानचा प्रश्न हा जगाच्या प्रश्नाचाच एक भाग आहे असे प्रतिपादन केले. त्याच अधिवेशनात सारा, खंड व कर्ज यांच्या ओझ्यातून शेतकऱ्यास सोडविण्याचा कार्यक्रमही मंजूर झाला. केळीच्या बागांत भरलेल्या सभेत स्पेनचे काय काम, असे त्या वेळीही काहींनी म्हटले असेल. तीन वर्षांच्या आत दुसरे महायुद्ध पेटले, हिंदुस्थानास न विचारता त्यात ओढले गेले, आणि धान्य, रॉकेल व कापड यांच्या टंचाईने स्पेनचे काम काय होते ते घरोघरी कळले. शेतकऱ्याचे कर्ज आणि परराष्ट्रांचे युद्ध ही दोन पाने एकाच वहीत आहेत, हे फैजपूरने सांगितले. आम्ही ते अधिवेशन स्मरणिकांत ठेवले आणि धडा विसरलो.

आता सांप्रतकाळाकडे वळू. १९४७ साली सार्वभौमत्व हाती आले. अखेरचा शब्द आता लंडनचा नाही, दिल्लीचा आहे. आणि दिल्लीत तो शब्द बोलणारे आमच्या मताने निवडून गेलेले आहेत. हे लहान काम झालेले नाही, आणि स्वराज्याने काय दिले असा उद्धट प्रश्न आम्ही कधीही विचारणार नाही. स्वतंत्र झालेल्या खानदेशाने जगाशी नवे संबंधही जोडले आहेत. १९४५ साली अमळनेरास वनस्पती तेलासाठी स्थापन झालेल्या कंपनीची पुढे विप्रो होऊन ती देशोदेशी संगणकाचे काम करू लागली. रावेर-यावलची केळी आखाती देशांत जातात. म्हणजे परस्परावलंबन ही निव्वळ आपत्ती नव्हे. ती संपत्तीही आहे. मात्र संबंध जितके वाढले तितकी नाडी नाजूक झाली. २०२२ साली रशिया व युक्रेन यांचे युद्ध जुंपताच परदेशातून येणाऱ्या खतांचे भाव भडकले. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागताच युरोपास जाणारा माल आफ्रिकेस वळसा घालून जाऊ लागला आणि भाडे वाढले. सार्वभौमत्व असले म्हणून या गोष्टी टळत नाहीत. सार्वभौमत्व म्हणजे पाऊस थांबविण्याची शक्ती नव्हे. घरावर छप्पर घालण्याचा अधिकार होय. ते छप्पर कोणाच्या खोलीवर घालावयाचे आणि कोणाची उघडी ठेवावयाची, हाच स्वराज्यातील खरा प्रश्न आहे.

२०२५ च्या ऑगस्टात हाच प्रश्न उभा राहिला. अमेरिकेने जकात वाढविली, त्याने कपडे शिवणाऱ्या कारखान्यांच्या मागण्या धोक्यात आल्या, सूतगिरण्यांस स्वस्त कापूस हवा झाला, आणि कारखानदारांच्या संघटना पूर्वीपासून मागत होत्या ती आयात जकातीची माफी सरकारने दिली. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे २५ वे कलम असे आहे की, सार्वजनिक हितासाठी आवश्यक वाटल्यास केंद्र सरकार नुसत्या अधिसूचनेने जकात माफ करू शकते. तेव्हा अधिकार होता यात शंका नाही. आम्ही वकिलीचा धंदा केलेले लोक आहोत, आणि कायद्यात असलेले नाही म्हणणार नाही. पण १८ ऑगस्टला अधिसूचना निघते व १९ ला अंमल सुरू होतो, या एका रात्रीत ज्याच्या शेतात बोंडे फुटू लागली होती त्यास कोणी विचारले काय? आणि माफ झालेल्या जकातीने जो कापूस येणार त्यात खुद्द अमेरिकेचाही कापूस होता, ही विनोदाची गोष्ट तर निराळीच. ज्याने आमच्या कापडास दार लावले त्याच्या कापसास आम्ही दार उघडले!

सरकारच्या बाजूने जे म्हणता येईल ते न सांगणे अन्यायाचे होईल. त्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसास क्विंटलला ७,७१० रुपये व लांब धाग्याच्या कापसास ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला होता, आणि भारतीय कापूस निगम त्या भावाने खरेदीस उतरले होते. तथापि खुल्या बाजारातील भाव अनेक ठिकाणी त्याच्या खाली राहिले. हमीभावाने घालावयाचा तर भ्रमणध्वनीवर आगाऊ नोंदणी हवी, ओलावा शेकडा आठापर्यंत हवा, बारापर्यंत असल्यास कपात, आणि त्यापुढे माल परत. पहिल्या वेचणीचा कापूस ओला, पोळा-गणपतीची उधारी डोक्यावर, वेचणीची मजुरी रोज संध्याकाळी द्यावयाची. असा शेतकरी खरेदी केंद्राचा फाटक उघडेपर्यंत थांबत नाही. तो खेड्यावर आलेल्या व्यापाऱ्यास मिळेल त्या भावाने घालतो. हमीभाव कागदावर खरा, पण त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट लांब, आणि परदेशच्या कापसाची वाट मात्र एका अधिसूचनेने मोकळी. यात तोल कोठे आहे?

कोणी म्हणेल, गिरण्या बंद पडल्या तर तुमचा कापूस घेणार कोण? हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही गिरणीवाल्यांचे शत्रू नाही. कापडाच्या धंद्यावर लाखो मजुरांची पोटे आहेत. परंतु परराष्ट्राशी झालेल्या झगड्याची किंमत साऱ्या राष्ट्राने वाटून घ्यावयाची असते. रशियाचे तेल घेण्यात राष्ट्राचा फायदा असेल, आणि तो असू शकेल, तर त्याचा दंडही राष्ट्राच्या तिजोरीतून जावा. तो एकट्या कपाशीवाल्याच्या भावातून का कापावा? गिरणीस साहाय्य द्यावयाचे तर ते उघडपणे अंदाजपत्रकात दाखवून द्यावे. लँकेशायरसाठी आमच्या गिरणीवर कर बसला तेव्हा आमच्या आजोबांनी तो अन्याय म्हटला. आज गिरणीसाठी शेतावर अदृश्य कर बसत असेल, तर केवळ तो स्वकीयांनी बसविला म्हणून आम्ही त्यास न्याय म्हणावे काय? दोन्ही गोष्टी सारख्या नव्हेत हे आम्ही जाणतो. परके सरकार बदलता येत नव्हते, हे येते. पण म्हणूनच याला जाब विचारण्याचे कर्तव्य अधिक आहे.

दुसरा आक्षेप असा की, महासत्तांच्या झुंजीत आमच्यासारख्या लहानांचे काय चालणार? याचे उत्तर कापसाच्याच इतिहासात आहे. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांस मोठी अनुदाने देते व त्याने जगाचा भाव पडतो, अशी तक्रार घेऊन ब्राझील २००२ साली जागतिक व्यापार संघटनेपुढे गेले. आकडे, करारांची कलमे व हिशेब यांची त्याने वर्षानुवर्षे तयारी केली. निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. प्रतिशोधाची जकात बसविण्याची परवानगीही २००९ साली मिळाली. आणि अखेर अमेरिकेस तडजोड म्हणून पैसे मोजावे लागले, त्यांत २०१४ साली एकरकमी तीस कोटी डॉलर होते. उलट २००३ साली बेनिन, बुर्किना फासो, माली व चाड या आफ्रिकेतील चार गरीब देशांनी तोच प्रश्न मांडला. त्यांची बाजू न्यायाची असता त्यांस आश्वासनांपलीकडे फारसे लाभले नाही, कारण प्रतिशोध घेण्याचे बळ त्यांच्यापाशी नव्हते. आणि ज्या अपील मंडळाकडे असे वाद जात, त्याचे काम अमेरिकेने सभासदांच्या नेमणुका अडविल्यामुळे २०१९ च्या डिसेंबरात बंद पडले. यावरून दोन गोष्टी निघतात. न्याय एकटा पुरत नाही. त्यामागे बळ लागते. आणि बळ म्हणजे केवळ तोफा नव्हेत; अभ्यास, संघटन व चिकाटी हेही बळच आहे. ब्राझीलचे कापूसवाले शेतकरी संघटित होते, आणि त्यांचे सरकार त्यांच्याशी बोलत होते. खानदेशचे कापूसवाले संघटित आहेत काय?

म्हणून आमची सरकारकडे स्पष्ट मागणी आहे. कापसाच्या आयात जकातीत ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत, म्हणजे पेऱ्याचे पैसे मोकळे होण्याच्या काळात, कोणताही फेरबदल साठ दिवसांच्या जाहीर सूचनेवाचून करू नये. आणि त्या मुदतीत कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे व बाजार समित्यांचे म्हणणे लेखी ऐकून घ्यावे. फेरबदल केलाच तर त्याची कारणे मराठीत प्रसिद्ध करावीत. खरेदी केंद्रे पहिल्या वेचणीपूर्वी उघडावीत. अशा सूचनेने सरकारचे सार्वभौमत्व कमी होत नाही. त्यास लोकमान्यतेची जोड मिळते. १८५२ च्या मोजणीदारास जी गोष्ट सुचली नाही ती स्वराज्याच्या सरकारास सुचावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.

परंतु सरकारकडे बोट दाखविताना बाकीची बोटे आपल्याकडे वळतात. जळगाव, धुळे, चोपडा, धरणगाव, अमळनेर, शिरपूर येथील बाजार समित्यांनी आपल्या फलकावर केवळ आजचा भाव न लिहिता न्यूयॉर्कचा वायदा, रुपयाचा दर व आयात जकातीची स्थिती रोज मराठीत लिहावी. त्यास खडूपेक्षा अधिक खर्च नाही. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास कवयित्री बहिणाबाईंचे नाव दिले आहे; शेतात राबणाऱ्या त्या माउलीचे नाव शोभवावयाचे तर तेथील अर्थशास्त्राच्या विद्वानांनी महिन्यातून एकदा चार पाने शेतकऱ्यास कळेल अशा भाषेत जगाच्या कापसावर लिहावीत. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यास राहून गावोगावचे कागद गोळा करीत, कारण ज्यास आपले कागद वाचता येत नाहीत त्याचा इतिहास परका लिहितो, हे ते जाणत होते. आज करार, अधिसूचना व जकातीचे तक्ते हे आपले कागद आहेत. ते आम्ही वाचले नाहीत, तर आमचा भाव परका लिहील.

व्यापारी बंधूंस एक शब्द. १८६३ च्या कायद्याची लाज अजून पुरती धुऊन निघालेली नाही. गाठीत कचरा निघाला, ओलावा वाढला, एका जातीच्या नावाखाली दुसरी गेली, की परदेशचा गिऱ्हाईक साऱ्या खानदेशास एकाच काट्याने तोलतो. पत हीदेखील सत्ता आहे, आणि ती लष्करावाचून मिळविता येते. शेतकरी बंधूंस एक शब्द. तेजीच्या वर्षी लग्नास दोन मांडव घालावयाचे आणि मंदीच्या वर्षी जमीन गहाण टाकावयाची, हा १८६५ चा पाठ पुन्हा गिरविण्याचे कारण नाही. २०२२ साली कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. तो भाव कायमचा समजून ज्यांनी पुढील वर्षी माल घरात भरून ठेवला व कर्ज वाढविले, त्यांस आम्ही अधिक काय सांगावे? सहकारी जिनिंगमध्ये एकत्र येऊन माल वाळवून, निवडून विकणारे दहा शेतकरी हे एकेकट्या शंभरांपेक्षा बलवान असतात.

थाळनेरच्या किल्लेदारास आपल्या पायाखालचे राज्य बदलल्याची खबर पोहोचली होती की नाही, पोहोचली तर त्याने ती खरी मानली की नाही, हे आता त्यास विचारता येत नाही. आम्हांस खबर रोज सकाळी दारात येऊन पडते. ती न वाचता पुडी बांधावयाची असेल, तर त्याचा दोष वॉशिंग्टनास देता येणार नाही, आणि दिल्लीसही नाही. पुढील चतुर्थीस काट्याची पूजा करणाऱ्या प्रत्येक अडत्याने व शेतकऱ्याने नारळ फोडण्यापूर्वी परदेशच्या बातमीचे पान एकदा वाचावे. श्रीगजानन विद्येची देवता आहे. त्याच्या मुहूर्तावर सुरू होणारा व्यापार अज्ञानावर चालू नये, इतकेच आमचे आजचे सांगणे आहे.